वस्तीत साथ आली आणि तुम्हाला लोकांशी बोलायला पाठवलं, तर काय करायचं?

ऑगस्ट चालू आहे, पाऊस दोन दिवस पडतो चार दिवस उघडतो, लेआऊटमधल्या रिकाम्या प्लॉटांत पाणी साचलंय, गल्लीत दर तिसऱ्या घरात कोणी ना कोणी तापाने पडलंय, आणि तुमच्या हातात पत्रकांचा गठ्ठा देऊन कोणीतरी म्हणालंय की जा, जनजागृती करून या. नर्सिंगची पोरंपोरी, एनएसएसवाले, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, नुकत्याच लागलेल्या आशाताई, तुमच्यासाठी हे लिहितोय. मी पण सुरुवातीला असाच गेलो होतो, दोन तासांत सत्तर घरं केली, पत्रकं वाटली आणि खूप काम झालं असं वाटलं. आठ दिवसांनी त्याच गल्लीत गेलो तर कूलर तसेच भरलेले, आणि एका मावशीने मला ओळखलं. म्हणाल्या, "तुम्हीच आले होते ना मागच्या हप्त्यात? मी विचारलं होतं, पोराचं पोट लय दुखून राहिलं म्हणून, तं तुम्ही म्हटलं पत्रकात सगळं आहे. मले वाचता नाही येत बाप्पा." तो मुलगा त्या दिवशी ॲडमिट होता. बरा झाला, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तेव्हापासून मी एकच धरून चालतो: साथीत पहिल्या चकरेत फक्त ओळख होते, काम दुसऱ्या चकरेत होतं. खालचं सगळं त्या दुसऱ्या चकरेसाठी आहे.

१. निघायच्या आधी आजार स्वतः समजून घ्या

अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही. पाच गोष्टी तोंडपाठ पाहिजेत: कशाने पसरतो, कशाने पसरत नाही, घरी काय करायचं, कोणती लक्षणं दिसली की घरी थांबायचं नाही, आणि जायचं कुठे. डेंग्यूचं उदाहरण घ्या. एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि हा डास फार लांब उडत नाही, म्हणजे तुम्हाला चावणारा डास बहुतेक तुमच्याच किंवा शेजारच्या घरातला असतो. नाल्याच्या घाण पाण्याला आपण शिव्या घालतो, त्यात दुसरे डास होतात, पण हा कूलरमध्ये, ड्रममध्ये, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत, गच्चीवर पडलेल्या टायरमध्ये होतो. तापावर पॅरासिटामॉल चालते, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे लोकांना उलटं वाटतं: धोका बऱ्याचदा ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंग गार पडणं, पेशंट सुस्त किंवा बेचैन होणं, लघवी कमी होणं, यातलं एकही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना. ताप गेला म्हणून घरचे निवांत होतात ना, नेमकं तेव्हाच लक्ष ठेवायचं असतं, हे तुम्ही प्रत्येक घरात सांगितलं तरी तुमचं जाणं वसूल झालं.

आजार बदलला की सांगणं पण बदलतं. २०१८ मध्ये आपल्या नागपूर भागात स्क्रब टायफसची साथ आली होती, तो गवत-झुडपातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होतो, तिथे कूलर कूलर करत बसलो असतो तर काही उपयोग नव्हता. तिथे सांगायचं असतं की गवतात, झुडपात जाताना अंगभर कपडे घाला, आल्यावर आंघोळ करा, आणि अंगावर काळी खपली दिसली तर डॉक्टरला आवर्जून दाखवा. गॅस्ट्रोत पाणी. गोवरात लस. म्हणून मागच्या वर्षीचं पत्रक उचलून निघू नका.

२. वस्तीत कोणाला आधी भेटायचं

थेट दार वाजवू नका. आधी तिथल्या आशाताई आणि जवळच्या यूपीएचसीचा (शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राचा) बहुउद्देशीय कर्मचारी, यांना भेटा, नाहीतर दोन वेगवेगळी माणसं दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि लोक दोघांचंही ऐकत नाहीत. मग त्यांच्यासोबत वस्ती फिरून एका कागदावर तिचा नकाशा काढा. गल्ल्या तर काढाच, पण हे पण लिहा: नळ किती वाजता येतो, टँकर कुठे थांबतो, बाया कुठे बसतात, किराणा दुकान कोणतं, लोक ताप आला की पहिले कोणत्या डॉक्टरकडे किंवा कोणत्या मेडिकल स्टोअरमध्ये जातात. तो मेडिकल स्टोअरवाला तुमच्यापेक्षा जास्त तापाचे लोक रोज बघतो, त्याला धोक्याच्या लक्षणांची यादी देऊन ठेवली तर तो लोकांना वेळेवर दवाखान्यात पाठवतो.

नागपुरात महापालिकेच्या एकाच झोनमध्ये चार भाषा आणि चार प्रकारची माणसं असतात. उत्तर नागपुरातल्या कित्येक वस्त्यांत बुद्ध विहार हीच सगळ्यांची जागा आहे, रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटं मागितली तर मिळतात. मोमिनपुऱ्यात मशिदीतून एक अनाउन्समेंट झाली तर ती तुमच्या शंभर पत्रकांपेक्षा लांब जाते. पूर्वेकडे कळमना, पारडीच्या बाजूला छत्तीसगडी कुटुंबं आहेत, तिथे मराठी पत्रक देऊन काय होणार, त्यांच्यातलीच एखादी ताई सोबत घ्या. बाकी बचत गट, भजनी मंडळ, महिला आरोग्य समिती, अंगणवाडी सेविका, ही यादी प्रत्येक वस्तीत थोडी वेगळी निघते.

हे मधलं माणूस किती महत्त्वाचं असतं ते पोलिओने दाखवलं. उत्तर प्रदेशात काही भागांत डोस पाजला की मूल पुढे वांझ होतं अशी अफवा होती, घरं दार उघडत नव्हती. सरकारी गाडीतून ओरडून ते दार उघडलं नाही, तिथल्याच मोहल्ल्यातल्या बाया घरोघरी गेल्या, इमाम साहेबांनी स्वतः सांगितलं, तेव्हा उघडलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, हावड्यातला. पण एक लक्षात ठेवा, अशा माणसाला फक्त निरोप्या करू नका. आधी त्याला विचारा की तुम्हाला काय वाटतं, इथे लोक काय बोलून राहिले. नगरसेवक, पक्षाचे कार्यकर्ते यांची मदत घ्या पण बॅनर एकाचा नको, अर्धी गल्ली त्याच दिवशी तुटते.

३. दारात उभं राहिल्यावर

वेळ आधी. नळ आलेला असताना जाऊ नका, त्या अर्ध्या तासात बाईच्या डोक्यात फक्त भांडी भरणं असतं. सकाळी दहानंतर घरातला कमावता माणूस भेटत नाही, आणि कूलर उचलून रिकामा करणारा बऱ्याच घरांत तोच असतो, म्हणून संध्याकाळी किंवा रविवारी एक चक्कर लावा.

पहिलं वाक्य सूचनेचं नको. "तुमच्याकडे पाणी साचलंय" असं म्हणून सुरुवात केली की समोरच्याला ते घाणेरडं म्हटल्यासारखं लागतं, आणि संभाषण तिथेच संपतं. नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, आणि विचारा: "काकू, घरी सगळे बरे आहेत ना? गल्लीत कोणाला ताप वगैरे?" मग गप्प बसा. हे गप्प बसणं नव्या लोकांना सगळ्यात कठीण जातं, आपल्याला वाटतं वेळ चाललाय, पण त्या दोन मिनिटांत काकू सांगून टाकतात की शेजारच्या घरी कोण पडलंय, कोणत्या डॉक्टरने सलाईन लावलं, किती पैसे गेले, फवारणीवाले शेवटचे कधी आले होते, आणि त्यांना नेमकी कशाची भीती आहे. मी तीन प्रश्न कायम विचारतो. तुम्हाला काय वाटतं, हा ताप कशाने येऊन राहिला? ताप आला की तुम्ही पहिले काय करता? आणि आम्ही सांगतो ते करायला अडचण काय येते?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोनं असतं. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करा, असं आपण सहज सांगतो. हुडकेश्वर-नरसाळ्याकडच्या टँकरवर दिवस काढलेल्या बाईला विचारा, ती म्हणेल, "ड्रम रिकामा केला अन् टँकर नाही आला तं मी काय करू?" बरोबर बोलते ती. तिला सांगायचं असतं की ड्रम रिकामा नका करू, जुन्या साडीचा किंवा ओढणीचा कपडा दुपदरी करून तोंडाला घट्ट बांधा, डास आत जाणार नाही. न पिण्याच्या पाण्याची मोठी टाकी असेल तर डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे मागवून घ्या. न विचारता तुम्ही तिला जे सांगितलं असतं ते तिने कधीच केलं नसतं.

घरात घुसू नका. कूलर बघायचा असेल तर "बघू का जरा?" विचारा, नाही म्हणाले तर नमस्कार करून पुढे जा, पुन्हा या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जर घराघरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, लोक पेशंट लपवायला लागले, आणि शेवटी रँडचं काय झालं ते आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी, त्याच पुण्यात सावित्रीबाई पेशंटना मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच १० मार्चला प्लेगने गेल्या. साथ तीच होती, लोकांनी तिला काय म्हणून लक्षात ठेवलं ते दारात कोण कसं आलं त्यावर ठरलं. मला हे दरवेळी दार वाजवताना आठवतं, खरंच.

४. एका चकरेत एकच काम, आणि ते हाताने

पत्रकावर चौदा सूचना असतात. माणूस एक लक्षात ठेवतो. नागपुरात डेंग्यू-चिकुनगुनियाच्या काळात ती एक गोष्ट कूलर आहे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही आणि पाऊस सुरू झाला की तो बंद पडतो पण टाकीतलं पाणी तसंच राहतं, दिवाळीला भिंती रंगवायला काढेपर्यंत. २०२४ च्या पावसाळ्यात चिकुनगुनियाने लोकांचे सांधे कसे धरले होते ते आठवा, महिनोन्‌महिने लोक जिना चढताना रडत होते.

तर करायचं काय, एक टॉर्च आणि एक पांढरा वाडगा सोबत ठेवा. टाकीतलं पाणी वाडग्यात घ्या आणि त्या वळवळणाऱ्या अळ्या घरच्या लोकांनाच दाखवा, लहान पोरांना आधी. मग काही बोलावं लागत नाही. नुसतं पाणी ओतून पण पुरत नाही हे तिथेच दाखवा, अंडी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, म्हणून आतून घासायची आणि उन्हात कोरडी करायची. पहिला कूलर तुम्ही स्वतः घासा. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घ्यायचे, गाव झाडायचे, आणि कीर्तन संध्याकाळी. आणि कीर्तनात पण ते सांगण्यापेक्षा विचारायचे जास्त, उत्तर लोकांकडूनच यायचं. विदर्भाच्या माणसाला लोकांशी कसं बोलायचं ते शिकायला दुसरीकडे जायची गरज नाही.

गॅस्ट्रो असेल तर हेच ओआरएसने करा. घरातलंच एक लिटरचं भांडं घ्या, घरातलंच पाणी, उकळून गार केलेलं किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) टाकून अर्धा तास ठेवलेलं, आणि एक लिटरवाली एक पुडी पूर्ण त्यात. लोक अर्धी पुडी ग्लासात टाकतात आणि उरलेली ठेवून देतात, ते चुकीचं प्रमाण होतं. पुडी नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. त्या आईला तुमच्यासमोर बनवू द्या, तुम्ही बनवून दाखवलं तर ती नुसती बघते.

५. धूर मारा ना!

ही मागणी प्रत्येक वस्तीत येणार, लोक अर्ध्या रस्त्यात अडवून म्हणणार की पत्रकं ठेवा, धुराची गाडी आणा. इथे दोन चुका होतात. एक, "त्याने काही होत नाही" म्हणून उडवून लावणं. दोन, "उद्या पाठवतो" असं खोटं बोलणं. खरं ते सांगा: धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मरत नाहीत, आठवड्याभरात नवे डास तयार होतात, म्हणून गाडी आली तरी कूलर घासावाच लागतो. आणि मागणी लिहून घ्या, झोन ऑफिसला द्या, काय उत्तर आलं ते परत येऊन सांगा, उत्तर "या हप्त्यात नाही" असलं तरी सांगा. लोक नाही ऐकून घेतात हो. पाठ फिरवलेली ते विसरत नाहीत.

६. अफवांची वही

एक साधी वही ठेवा. रोज काय ऐकलं, कोणत्या गल्लीत, कोणाकडून आलं (व्हॉट्सॲप, नातेवाईक, डॉक्टर), एवढंच लिहा. नाव लिहायचं नाही. तीन दिवसांत दिसतं की कोणती अफवा वाढून राहिली, आणि तिच्या खाली कोणती भीती आहे. कारण अफवेच्या खाली बहुतेक वेळा खरा अनुभव असतो. "नाव लिहून दिलं तर उचलून नेतात", हे तुम्हाला अजून ऐकायला मिळेल, आणि ते हवेतून आलेलं नाही, २०२० मध्ये कोरोनात सतरंजीपुरा, मोमिनपुरा भागातल्या शेकडो लोकांना घरातून क्वारंटाइन सेंटरला नेलं होतं. तिथे "असं काही नसतं" म्हणाल तर तुम्हीच खोटे ठरता. म्हणा, "हो, तेव्हा नेलं होतं, तो आजार माणसापासून माणसाला होत होता. डेंग्यू डासाने होतो, यात कोणाला नेत नाहीत, मी नाव फक्त परत चौकशीला यायला लिहून घेतोय, नको असेल तर लिहीत नाही."

पपईच्या पानाच्या रसाने डेंग्यू बरा होतो, ही दुसरी. त्यावर वाद घालण्यात अर्धा तास घालवू नका, दवाखाना आणि पाणी-पेज-ओआरएस चुकू नये एवढं बघा. प्लेटलेटचा आकडा म्हणजेच सगळं असं लोकांना वाटतं, त्यांना पुन्हा धोक्याची लक्षणं सांगा.

उत्तर देताना खरी गोष्ट आधी बोला, अफवा परत परत उच्चारू नका, पोस्टरवर तर अजिबात छापू नका, लोकांना तेवढंच आठवतं. मोठ्या मेसेजपेक्षा आशाताईंच्या आवाजातला चाळीस सेकंदांचा व्हॉइस नोट, त्यांच्या नेहमीच्या बोलीत, ग्रुपवर टाका. ओळखीचा आवाज असतो ना.

"घाबरू नका" हा शब्द मी टाकून दिलाय. ज्याचं पोर तापाने फणफणलंय तो घाबरणारच. त्यापेक्षा "काळजी वाटणारच, आज रात्री एवढं करा" हे चालतं. आणि उलटं, घाबरवून पण काम होत नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ला इबोला आला तेव्हा सुरुवातीला सांगत सुटले की यावर इलाज नाही. लोकांनी विचार केला, इलाज नाही तर मग सेंटरला कशाला जायचं, घरीच राहू, आणि घरीच राहिल्याने आजार पसरला.

७. नाव, फोटो, आणि मृत्यू

पेशंटच्या घराचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, दारावर खूण करायची नाही, "त्या गल्लीत पॉझिटिव्ह आहे" असं चहाच्या टपरीवर बोलायचं नाही. एकदा का पोराला शाळेत वेगळं बसवलं, घरकामाच्या बाईचं काम सुटलं, की पुढचे दहा जण ताप लपवतात.

वस्तीत कोणी गेलं तर त्या दिवशी पत्रक नाही, अळ्या नाहीत, काही नाही. जाऊन बसा. त्या घरच्यांना "आधी आणायला पाहिजे होतं" असं कधीही म्हणू नका. संसर्गाचा आजार असेल आणि अंत्यविधीवर काही बंधनं असतील तर घरच्यांना विचारा की कोणती गोष्ट केल्याशिवाय तुम्हाला निरोप दिल्यासारखं वाटणार नाही, आणि ती सुरक्षित रीतीने कशी करता येईल ते डॉक्टरांकडून विचारून आणा. इबोलात अकरा हजारांच्या वर माणसं गेली आणि खूप जणांना लागण मृतदेहाला आंघोळ घालताना झाली, तरी नुसती बंदी घातल्यावर लोक रात्री चोरून दफन करत होते. दुरून का होईना प्रार्थना, नातेवाइकांची उपस्थिती, मानाने नेणं, हे मान्य केल्यावर ते थांबायला लागलं.

८. वस्तीचं म्हणणं वर पोचवा

तुम्ही फक्त वरून खाली निरोप नेत असाल तर अर्धंच काम करताय. "नळाला दोन दिवसांपासून वास येऊन राहिला", हे वाक्य गॅस्ट्रोच्या पहिल्या पेशंटच्या आधी कानावर येतं. त्याच दिवशी, गल्ली आणि वेळ लिहून, यूपीएचसी आणि झोन ऑफिसला कळवा, दुरुस्ती होईपर्यंत पाणी उकळायला सांगा. एकाच गल्लीत तीन-चार घरांत सारखा ताप किंवा जुलाब दिसले तरी तसंच, रिपोर्टची वाट बघू नका. आरोग्याच्या सल्ल्यासाठी १०४ आणि ॲम्ब्युलन्सला १०८, हे दोन नंबर लोकांच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून द्या.

आणि कोणी विचारलं ते माहीत नसेल तर "मला नाही माहीत, विचारून उद्या सांगतो" म्हणा. उद्या म्हणजे उद्याच.

९. सण बघून काम लावा

डेंग्यूचा हंगाम आणि आपले सण एकावर एक येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालातून मारबत (रोगराई घेऊन जाणारा मोठा पुतळा) निघते, शेकडो लोक ओरडतात, "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" शंभराहून जास्त वर्षं हे शहर त्या दिवशी रोगराईचं नाव मोठ्याने घेतं, मग त्याच दिवशी सकाळी गल्लीतल्या पोरांना घेऊन प्रत्येक घरातलं साचलेलं पाणी काढायचं ठरवा, लोकांना वेगळं समजवावं लागत नाही. गणपतीत मंडपात वाडग्यातल्या अळ्या ठेवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्यांना पिण्याचं पाणी आणि ओआरएस कुठे आहे एवढं ठळक दिसू द्या.

१०. साथ संपल्यावर

सगळे इथेच सोडतात. पेशंट कमी झाले की टीम गायब, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अनोळखी. दिवाळीनंतर एकदा जा, बचत गटाच्या मीटिंगमध्ये बसा, सांगा की तुमच्या गल्लीत इतक्या टाक्या आपण मिळून घासल्या, हे जमलं, हे नाही जमलं, आणि ते काय म्हणतात ते वहीत लिहून घ्या. मग फेब्रुवारीच्या शेवटी अजून एक चक्कर मारा, जेव्हा लोक माळ्यावरून कूलर उतरवतात, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या लावतात. एडिसची अंडी कोरड्या टाकीत कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी भरलं की फुटतात. त्यामुळे पहिली बादली ओतायच्या आधी टाकी आतून घासलेली पाहिजे, ब्रश तुमच्या पिशवीत असू द्या.